दावं की लोढणं? : 'रिस्ट्रेन' या क्रियापदावर अडलेलं एक प्रकरण

ओढाळ गुराला आवरायच्या गावाकडे दोन रीती आहेत. एक दावं. खुंट्याला बांधलं की विषय संपला, जनावर जागचं हलत नाही. दुसरं लोढणं. गळ्यात लाकडाचा जड ओंडका अडकवायचा आणि सोडून द्यायचं. गाय चरते, हिंडते, पाण्यावर जाते. फक्त शेजाऱ्याच्या उभ्या पिकाकडे पळत सुटली की तो ओंडका गुडघ्यांवर आपटतो आणि तिचा वेग मोडतो. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना 'रिस्ट्रेन' हे एकच क्रियापद चालतं. मराठीत चालत नाही. आपल्याला आधीच ठरवावं लागतं, की बांधायचंय की नुसतं जड करायचंय.

करारनामे मराठीत करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. मध्यंतरी एका खासगी क्लासच्या चालकांनी शिक्षकांशी करायचा इंग्रजी करार आणून दिला. त्यात कलम होतं, की नोकरी सोडल्यावर शिक्षकाला दोन वर्षं, पाच किलोमीटरच्या आत शिकवण्यापासून 'रिस्ट्रेन' केलं जाईल. मी 'मनाई' लिहिलं. चालक म्हणाले, "मनाई फार कडक वाटतं हो, शिक्षक सही करायचे नाहीत. निर्बंध म्हणा." मी 'निर्बंध' लिहिलं, आणि मग पेन खाली ठेवलं. कारण नेमक्या याच फरकावर, मनाई की निर्बंध, दावं की लोढणं, १८७४ साली कलकत्त्यात एक खटला उभा राहिला होता आणि त्यात एका माणसाचे पैसे बुडाले होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो दोन ओळींत घोकायला लावतात. मला तो भाषेचा खटला वाटतो, म्हणून सविस्तर सांगतो.

काय घडलं

माधवचंद्र परामाणिक आणि राजकुमार दास हे कलकत्त्याच्या एकाच भागातले दुकानदार. धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. आपल्याकडे कासार म्हणावं तर बांगड्यांचा घोळ होतो, म्हणून तांबट म्हणू. माधवचंद्राचं दुकान चालायला लागलं तसा राजकुमाराला फटका बसू लागला. गिऱ्हाईक तेच, माल तोच, गल्ली तीच.

राजकुमाराने भांडण केलं नाही की भाव पाडले नाहीत. त्याने सौदा केला. माधवचंद्राने या भागातला धंदा बंद करावा. त्याने कारागिरांना जी उचल दिलेली आहे, ती रक्कम राजकुमार भरून देईल. उचल म्हणजे काय ते कारागिरांच्या धंद्यात वावरलेल्याला सांगायला नको. माणूस हाताशी राहावा म्हणून पैसे आधी द्यायचे आणि कामातून वळते करून घ्यायचे. दुकानच बंद झालं तर ही रक्कम वळती होणार कशातून? म्हणजे माधवचंद्र नफा मागत नव्हता, अंगावर पडणारा खड्डा तेवढा बुजवून मागत होता.

माधवचंद्राने आवरतं घेतलं. दुकान बंद केलं. राजकुमाराने पैसे द्यायला नकार दिला.

आता इथे गंमत अशी, की कोर्टात उभे राहिल्यावर दोघांच्या भूमिका उलट्या झाल्या. ज्याच्या गळ्यात लोढणं पडलं तो माधवचंद्रच म्हणू लागला, की हे लोढणं कायदेशीर आहे. कारण ते कायदेशीर ठरलं तरच त्याचे पैसे मिळणार होते. आणि ज्याने लोढणं अडकवलं तो राजकुमार म्हणू लागला, की कोणाच्याही धंद्यावर असं बंधन घालणं कायद्यालाच मान्य नाही, सबब करारच नाही. कोडगेपणा म्हणावा तर हा. पण कोर्टासमोरचा प्रश्न कोडगेपणाचा नव्हता, क्रियापदाचा होता.

कलम आणि त्यातला एक शब्द

भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी लागू झाला. त्याच्या कलम २७ चा गाभा एका वाक्याचा आहे. क्रियापद तसंच ठेवून ते मराठीत असं: ज्या करारामुळे कोणालाही कोणताही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून 'रिस्ट्रेन' केलं जातं, तो करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. आजही हे वाक्य जसंच्या तसं कायद्यात आहे.

माधवचंद्राच्या बाजूचा मुद्दा सरळ होता. मला धंदा करण्यापासून कुठे अडवलंय? शहराच्या एका भागात नको एवढंच ठरलं. पलीकडच्या पेठेत मी उद्या दुकान थाटू शकतो. 'रिस्ट्रेन करणं' म्हणजे पुरतं बंद पाडणं. इथे तर नुसती जागेची मर्यादा आहे. दावं नाही, लोढणं आहे. आणि कायदा दाव्यांविरुद्ध आहे, लोढण्यांविरुद्ध नाही.

या म्हणण्यामागे इंग्लंडची जुनी वहिवाटही होती. तिथे १४१४ सालचा एक रंगाऱ्याचा खटला प्रसिद्ध आहे. रंगाऱ्याने लिहून दिलं होतं, की सहा महिने मी या गावात माझा धंदा करणार नाही. लिहून घेणारा दावा घेऊन आला पण सुनावणीला स्वतः हजर नव्हता. न्यायाधीश हल इतके भडकले, की ते म्हणाले, देवाशपथ, हा माणूस समोर असता तर राजाला दंड भरेपर्यंत त्याला तुरुंगात बसवला असता. (त्या काळी इंग्लंडच्या कोर्टाची भाषा फ्रेंच होती, त्यामुळे ही शपथही त्यांनी फ्रेंचमध्येच घातली.) पुढे तीनशे वर्षांत हा राग निवळला. १७११ साली लंडनच्या एका बेकरीवाल्याचा खटला आला. त्याने आपली बेकरी भाडेपट्ट्याने दिली होती आणि पाच वर्षं त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बेकरी न चालवण्याचं पन्नास पौंडांचं हमीपत्र लिहून दिलं होतं. कोर्टाने ते मान्य केलं. बंधन ठरावीक जागेपुरतं, ठरावीक मुदतीपुरतं आणि वाजवी असेल तर चालेल. सरसकट असेल तर नाही. तेव्हापासून इंग्रज वकिलाच्या डोक्यात 'रिस्ट्रेंट' हा शब्द आला की पाठोपाठ 'पूर्ण की अंशतः' हा प्रश्न आपोआप यायचा.

कलकत्त्याच्या कोर्टापुढे प्रश्न असा होता: १८७२ च्या कायद्याने हा शब्द घेताना त्याच्या पाठीवरचा हा प्रश्नही सोबत घेतला का?

क्रियापदाची उलटतपासणी

निकालाकडे जाण्याआधी जरा शब्दापाशी थांबतो. वकिलांनी हे कोर्टात मांडलं असं मी म्हणत नाही, ही माझी उजळणी आहे.

लॅटिनमधल्या ज्या धातूपासून 'रिस्ट्रेन' आला त्याचा अर्थ मागे ओढून घट्ट आवळणं. त्याच धातूतून दुसऱ्या वाटेने 'रिस्ट्रिक्ट' आला. दोघं सख्खे भाऊ, पण स्वभाव वेगळे. 'रिस्ट्रिक्ट' हातात फूटपट्टी घेऊन येतो. इथपासून इथपर्यंत, इतकंच, याहून जास्त नाही. 'रिस्ट्रेन' हातात दोर घेऊन येतो. दोर किती आवळायचा ते मात्र तो सांगत नाही. आणि 'रिफ्रेन', ज्याला आपण या दोघांचा तिसरा भाऊ समजतो, तो मुळात या घरातला नाहीच. तो लॅटिनमधल्या लगामाच्या शब्दातून आलाय. म्हणूनच 'रिफ्रेन' माणूस स्वतःला करतो आणि 'रिस्ट्रेन' दुसरा आपल्याला करू शकतो. स्वतःचा लगाम स्वतःच्या हाती, दोर मात्र कोणाच्याही हाती. करार लिहिताना हे दोन शब्द अदलाबदल करून वापरणारे वकील मी पाहिलेत. त्यातून अर्थ उलटतो असं नाही, पण आपण होऊन टाळणारा कोण आणि अडवणारा कोण हे धूसर होतं.

आता वापर पाहा. अश्रू 'रिस्ट्रेन' केले, म्हणजे हुंदका आवरला. हुंदका होता, आहे, बाहेर फुटू दिला नाही एवढंच. महागाई 'रिस्ट्रेन' केली, म्हणजे आळा घातला. कोणी असं समजत नाही की भाव वाढायचे थांबले. नटाचा अभिनय 'रिस्ट्रेन्ड' होता म्हणजे संयत होता, ही तर दाद झाली. वेतनाच्या बाबतीत 'रिस्ट्रेंट' पाळला म्हणजे हात आखडता घेतला. या सगळ्यांत काहीतरी चालू राहतं आणि त्याचा जोर कमी होतो. ही लोढण्याची बाजू.

पण पोलिसांनी दंगेखोराला 'रिस्ट्रेन' केलं, म्हणजे धरून ठेवलं, हलू दिलं नाही. कोर्टाने बिल्डरला बांधकाम करण्यापासून 'रिस्ट्रेन' केलं, म्हणजे मनाई हुकूम दिला. थोडं थोडं बांधा असं सांगितलं नाही. ही दाव्याची बाजू.

दोन गटांत फरक आहे तो एका शब्दयोगी अव्ययाचा. मराठीत तिथे 'पासून' येतं. राग, महागाई, खर्च या गोष्टींना थेट 'रिस्ट्रेन' करतात आणि तिथे अर्थ कमी करण्याचा असतो. माणसाला अमुक करण्या'पासून' 'रिस्ट्रेन' करतात आणि तिथे अर्थ बंद करण्याचा होतो. कलम २७ मध्ये 'पासून' आहे. निव्वळ व्याकरणाच्या जोरावर पाहिलं तर माधवचंद्राचं म्हणणं पोकळ नव्हतं. 'धंदा करण्यापासून रिस्ट्रेन' म्हणजे धंदा बंद, असंच एखादा इंग्रजी वाचणारा पटकन वाचेल.

पण त्याच कलमात 'तेवढ्यापुरता' असाही शब्द आहे. करार 'तेवढ्यापुरता' रद्दबातल. बंधन फक्त पूर्णच असू शकत असतं, तर 'तेवढ्यापुरता' कशाला लिहिलं असतं? हा शब्द मोजमाप सुचवतो. एकाच वाक्यात एक शब्द दाव्याकडे ओढतो आणि दुसरा लोढण्याकडे.

दोन्ही अर्थ एकाच यंत्रात पाहायचे असतील तर गाडीत बसा. स्टिअरिंगवर एअरबॅगच्या जागी 'एसआरएस' अशी अक्षरं असतात. त्यातला आर म्हणजे 'रिस्ट्रेंट'. एअरबॅग ही पूरक, मुख्य 'रिस्ट्रेंट' म्हणजे सीटबेल्ट. तो हळू ओढला तर येत राहतो, पुढे वाकून काच पुसता येते. हिसका बसला की जागीच अडकतो. लोढणं आणि दावं एकाच पट्ट्यात.

काउच यांनी कसं वाचलं

निकाल देणारे सरन्यायाधीश होते सर रिचर्ड काउच. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या संदर्भात आठवावं. कलकत्त्याला जाण्याआधी १८६६ ते १८७० ते मुंबई उच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते; आणि तांबटांच्या या खटल्यानंतर वर्षभरातच, १८७५ साली, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांनी विषप्रयोग करवल्याच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या कमिशनचे ते अध्यक्ष झाले. एका वर्षी तांबटांची उचल, दुसऱ्या वर्षी एका संस्थानिकाची गादी.

काउच यांनी इंग्लंडची वहिवाट बाजूला ठेवली आणि कायद्याचं पान उलटलं. अक्षरशः. कलम २७ च्या खालीच कलम २८ आहे. कोर्टात दाद मागण्याचा हक्क करारानेच काढून घ्यायचा, असले करार ते रद्दबातल ठरवतं. तिथे भाषा अशी आहे, की ज्या कराराने पक्षकाराला आपले हक्क बजावण्यापासून 'पूर्णतः' प्रतिबंध केला जातो तो करार रद्दबातल. तिथे 'पूर्णतः' हा शब्द मुद्दाम घातलाय. तेव्हा कायदेमंडळाला जिथे पूर्ण बंधनापुरतंच बोलायचं होतं तिथे त्याने तसं बोलून दाखवलं. कलम २७ मध्ये तो शब्द नाही. म्हणजे तिथे पूर्ण आणि अंशतः दोन्ही बंधनं अभिप्रेत आहेत. एका भागापुरतं असलं तरी ते बंधनच.

या धोरणाचं बरंवाईट पाहणं आपलं काम नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. कायद्यातले शब्द घ्यायचे आणि त्यांचा जो अर्थ उघड दिसतो तो लावायचा.

मग पैशांचं काय? माधवचंद्राने दुकान बंद ठेवण्याचं वचन दिलं, ते वचनच रद्दबातल. राजकुमाराने त्या वचनाच्या बदल्यात पैसे कबूल केले होते. बदल्यातली वस्तूच कायद्याच्या लेखी नाही, तर किंमत कशाची? दावा फेटाळला गेला.

मला काउच यांचं वाचन पटतं. शेजारच्या कलमात एक शब्द आहे आणि इथे नाही, हा कायदा वाचण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. आणखी एक आधार कलम २७ च्याच पोटात आहे. धंद्याची नावलौकिकासकट विक्री केली, तर विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचं कबूल करणं चालतं, असा अपवाद तिथे दिलाय. ठरावीक हद्दीतली बंधनं मुळात कलमात येतच नसती, तर त्यांना अपवाद कशाला हवा होता? पण निकाल पटला तरी चव कडू राहते. धंदा करण्याचं स्वातंत्र्य राखायला केलेलं कलम त्या दिवशी ज्याने स्वातंत्र्य विकत घेतलं त्याच्या उपयोगी पडलं.

एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. याच सरकारच्या १८६० च्या दंड संहितेत 'रिस्ट्रेन'ची व्याख्या आधीच होऊन बसली होती. कलम ३३९: माणसाला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे, अशा एखाद्या दिशेने जाण्यापासून त्याला अडवणं. एखाद्या दिशेने! बाकीच्या तीन दिशा मोकळ्या असल्या तरी गुन्हा होतो. सगळ्या बाजूंनी कोंडलं की ते 'कन्फाइन' होतं, पुढचं कलम, शिक्षाही जास्त. मराठीत पहिल्याला गैरनिरोध म्हणतात आणि दुसऱ्याला गैरपरिरोध. 'परि' या उपसर्गाने चारही बाजूंचं कुंपण आणलं, हे भाषांतर करणाऱ्याचं कौतुकच. आता भारतीय न्याय संहितेत हीच कलमं १२६ आणि १२७ झाली आहेत. म्हणजे फौजदारी कायद्यात 'रिस्ट्रेन' हा शब्द जन्मापासूनच एका बाजूपुरता होता. रास्ता रोको करणाऱ्यांवर गैरनिरोधाचं कलम लागतं ते यामुळे. गाव सोडायच्या दहा वाटा मोकळ्या असतील, पण हायवे अडवलात ना?

कल्याण, कोटा आणि एक वेगवान गोलंदाज

कलकत्त्याचा निकाल तिथेच राहिला नाही. कलम २७ ची प्रत्येक नवी लढाई त्याला हात लावून पुढे गेली. त्यातल्या दोन आपल्या अंगणातल्या.

पहिली १९६७ ची, गोलिकरी खटला म्हणून ओळखली जाते. कल्याणजवळच्या सेंचुरी कंपनीने टायरच्या आतल्या दोऱ्याचा, टायरकॉर्डचा, कारखाना परदेशी कंपन्यांच्या तंत्रज्ञानाने काढला. गुपितं बाहेर जाऊ नयेत ही त्या कंपन्यांची अट. म्हणून शिफ्ट सुपरवायझरसारख्या माणसांशी पाच वर्षांचे करार झाले: मुदत संपण्याआधी सोडून गेलात, तर उरलेल्या मुदतीत अशाच धंद्यात काम करायचं नाही. एक सुपरवायझर मुदतीच्या आत कोट्याच्या दुसऱ्या कारखान्यात, जास्त पगारावर, त्याच कामाला गेला. कंपनी कोर्टात गेली.

या एका प्रकरणात 'रिस्ट्रेन' दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळ्या तोंडाने. करार माणसाला 'रिस्ट्रेन' करतोय का, हा एक प्रश्न. आणि कोर्टाने माणसाला 'रिस्ट्रेन' करावं का, म्हणजे मनाई हुकूम द्यावा का, हा दुसरा. पहिल्याला हो म्हटलं तर करार जातो. दुसऱ्याला हो म्हटलं तर माणूस अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली. नोकरीच्या ठरलेल्या मुदतीत दुसरीकडे न जाणं हे धंद्यावरचं बंधन नाही, नोकरीच्या निष्ठेचा भाग आहे. आणि हुकूमही मुदतीने, कामाच्या प्रकाराने आणि जागेने बांधलेला आहे, असं त्यामागचं कारण. दुसरं कोणतंही काम करायला तो माणूस मोकळा होता. म्हणजे कोर्टाने दावं लावलं नाही, लोढणंच अडकवलं. टायरकॉर्डच्या शेतात जायचं नाही, बाकी रान मोकळं.

दुसरी लढाई २००६ ची. श्रीरामपूरचा झहीर खान २००० साली जाहिराती वगैरे सांभाळणाऱ्या पर्सेप्ट डीमार्क या कंपनीशी तीन वर्षांसाठी बांधला गेला. करारात एक कलम होतं: मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो आधी आम्हाला दाखवायचा, आम्ही तेवढंच द्यायला तयार असलो तर आमच्याकडेच राहायचं. मुदत संपली, झहीरने दुसरी कंपनी गाठली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि प्रकरण दिल्लीला गेलं.

कंपनीचं म्हणणं ऐकलं की माधवचंद्र आठवतो. आम्ही त्याला कुठे रोखतोय? खेळू दे, जाहिराती करू दे, फक्त आधी आम्हाला विचार. याहून हलकं लोढणं मी कल्पू शकत नाही. ओंडका नव्हे, गळ्यात घंटा बांधली म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. मुदत संपल्यानंतर माणसाने कोणाबरोबर काम करावं यावर करार हात ठेवत असेल, तर ते बंधनच आहे. अंशतः आहे, वाजवी आहे, हे इथे कामाचं नाही. १३२ वर्षांनी तेच क्रियापद, तेच वाचन. फरक एवढाच की या वेळी निकाल ज्याच्या गळ्यात घंटा होती त्याच्या बाजूने लागला.

एका क्षेत्रात मात्र कायद्याने 'रिस्ट्रेन' शब्द तसाच सैल सोडायला नकार दिलाय. तामिळनाडूतल्या एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण गेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९५ साखळदंडाला कोणत्याही स्वरूपात बंदी करतं, आणि कलम ९७ शारीरिक 'रिस्ट्रेंट'ला परवानगी देतं ती जवळपास प्रत्येक शब्दाला अट लावून. तात्काळ इजा टाळायचा दुसरा उपाय नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, गरजेपेक्षा एक क्षण जास्त नाही, लगेच नोंद करून, शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही. इथे दोर किती आवळायचा ते वाचणाऱ्यावर सोडलेलं नाही.

मराठी करताना

परत क्लासच्या कागदाकडे. मराठीत या क्रियापदाच्या जागी बसू पाहणारे शब्द मी वहीत लिहून काढले आणि प्रत्येकाला तांबटांच्या खटल्यात उभं करून पाहिलं. मनाई, मज्जाव, रोखणे: यांनी माधवचंद्र जिंकतो, कारण त्याला धंद्याची मनाई नव्हतीच, एका भागापुरती अडचण होती. निर्बंध, आळा, पायबंद: यांनी राजकुमार जिंकतो. पायबंद हा शब्द मला फार आवडतो. तबेल्यातल्या घोड्याच्या मागच्या पायाचा तो दोर. घोडा उभा असतो, मान हलवतो, हरभरे खातो, फक्त निघू शकत नाही. पण कायद्याच्या कागदात पायबंद म्हणजे आजकाल नुसता वर्तमानपत्री मथळा. आवरणे सगळ्यांत जवळचं, पण मराठीत ते संसारी क्रियापद आहे. घर आवरतात, पसारा आवरतात, "आवरलं का तुझं?" असं बाथरूमच्या दारावर विचारतात. "शिक्षकाला शिकवण्यापासून आवरलं जाईल" असं लिहिलं तर सही करणारा हसेल.

मला शेवटी कबूल करावं लागलं, की इंग्रजीने जी शंका एका शब्दात मोकळी ठेवली आहे ती मराठीत ठेवता येत नाही. मराठीने कोणतंही क्रियापद निवडलं की काउच यांच्या आधी निकाल दिला जातो. म्हणून न्यायालयाने लावलेला अर्थच वाक्यात लिहायचा. चालकांना मी आधी कलम २७ सांगितलं: शिक्षक नोकरीत असेपर्यंतची अट टिकेल, सोडून गेल्यानंतरची दोन वर्षं आणि पाच किलोमीटर टिकायची नाहीत, मग मनाई म्हणा की निर्बंध. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "राहू द्या सर, कलम ठेवा. कोर्टात कोण जातंय? वाचून घाबरले तरी पुरे."

मराठी कागदावर मी असं लिहून दिलं: "नोकरी संपल्यानंतर दोन वर्षे, पाच किलोमीटरच्या हद्दीत शिकवण्यास, पूर्णतः वा अंशतः, अटकाव राहील." आणि त्यांनी मागितलं नव्हतं तरी खाली पेन्सिलीने टीप जोडली, कलम २७, करार कायदा, १८७२. पेन्सिल खोडता येते हे मला माहीत आहे.